डॅक कार्डच्या काउंटरवर फोटॉन काउंटिंग: एनआय पीसीआयई-६३२३ चा रिव्ह्यू

सिंगल फोटॉन डिटेक्टर (एकेका फोटॉनला एक विद्युत पल्स देणारं उपकरण) आला की लगेच पुढचा प्रश्न येतो, याच्या पल्सेस मोजायच्या कशावर? कुणी म्हणतं टाइम टॅगरच (प्रत्येक पल्सची वेळ टिपणारं उपकरण) हवा, कुणी म्हणतं कपाटात जुना गेटेड काउंटर (ठरवलेल्या वेळेपुरताच मोजणारा) पडलाय तो लाव, आणि कॉम्प्युटरमध्ये आधीपासून बसलेलं डॅक कार्ड (डेटा ॲक्विझिशन, म्हणजे बाहेरचे सिग्नल कॉम्प्युटरमध्ये आणणारं कार्ड) मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याच्याकडे सगळे व्होल्टेज वाचायचं कार्ड म्हणूनच बघतात. मी बराच काळ कॉन्फोकल सेटअपवर (नमुन्याचा एकेक बिंदू टिपणारा मायक्रोस्कोप) नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं पीसीआयई-६३२३ वापरतोय, ॲनालॉग इनपुट जवळपास कधीच लागत नाही, पण काउंटर रोज लागतात, म्हणून हा रिव्ह्यू फक्त काउंटरचा. ॲनालॉग इनपुटवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे नको.

माझं मत आधीच सांगतो. एका ठरावीक वेळात किती फोटॉन आले एवढंच मोजायचं असेल आणि सोबत काहीतरी हलवायचं असेल, म्हणजे आरसा, स्टेज, मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी, तर या कार्डापेक्षा जास्त काही लागत नाही. फोटॉन नेमका कधी आला हे नॅनोसेकंदाच्या आत पाहिजे असेल तर हे कार्ड त्या कामाचं नाही, कितीही प्रोग्रामिंग केलं तरी नाही. मधल्या भागात चालतं, पण अटी आहेत, त्या खाली येतीलच.

आता कार्ड. हे एक्स सिरीजचं आहे. चार काउंटर, प्रत्येक ३२ बिटचा, आतला सगळ्यात वेगवान टाइमबेस (म्हणजे घड्याळ) १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक टिक १० नॅनोसेकंदांची. सोबत चार ॲनालॉग आउटपुट आणि ४८ डिजिटल लाइन. याचा धाकटा भाऊ ६३२१, त्याच्यात ॲनालॉग आउटपुट दोनच आणि डिजिटल लाइन २४, पण काउंटर तेच आणि तेवढेच, त्यामुळे फक्त मोजायचंच असेल तर ६३२१ पण तितकंच चालेल. मला एक्स, वाय आणि फोकसचा झेड असे तीन आउटपुट लागतात म्हणून ६३२३. (कंपनी २०२३ पासून इमर्सनकडे गेली आहे, पण कार्डावर आणि ड्रायव्हरवर सगळे अजून एनआयच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.)

काउंटर काय करतो? डिटेक्टरकडून टीटीएल पल्स (० ते ५ व्होल्टची डिजिटल पल्स) येते, ती पीएफआय पिनवर (कार्डाची हव्या त्या कामाला लावता येणारी डिजिटल पिन) लावायची, काउंटरच्या सोर्सला ती पिन द्यायची, आणि प्रत्येक चढत्या कडेला काउंट एकने वाढतो. याला डॅकएमएक्समध्ये (एनआयचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) एज काउंटिंग म्हणतात. काउंटर शून्यासाठी पिन ठरलेली आहे, सोर्स म्हणजे पीएफआय ८, कनेक्टरवर ३७ नंबरची पिन, पण ती सॉफ्टवेअरमधून कुठल्याही पीएफआयवर फिरवता येते, त्यामुळे वायरिंग आपल्या सोयीने करता येतं.

इथपर्यंत सोपं. पहिला अडथळा सगळ्यांना इथेच येतो की बिनचं (म्हणजे मोजणीच्या एकेका ठरावीक कालखंडाचं) टायमिंग कुठून आणायचं. ॲनालॉग इनपुटला स्वतःचं सॅम्पल क्लॉक असतं, रेट सांगितला की झालं. एज काउंटिंग करणाऱ्या काउंटरला स्वतःचं सॅम्पल क्लॉक नसतं, ते बाहेरून द्यावं लागतं. बाहेरून म्हणजे कार्डाच्या बाहेरूनच असं नाही, त्याच कार्डावरचा दुसरा काउंटर पल्स ट्रेन (ठरावीक अंतराने एकामागोमाग पल्सेस) काढू शकतो आणि ती आतल्या आत पहिल्या काउंटरला क्लॉक म्हणून जोडता येते, वायर पण लागत नाही. किंवा ॲनालॉग आउटपुटचंच क्लॉक वापरायचं. सॉफ्टवेअरमध्ये लूप लावून दर १० मिलिसेकंदाला काउंट वाचणारे लोक मी बघितलेत, स्क्रीनवर आकडे दिसतात, अलाइनमेंट करायला ठीक आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या मनात आलं की तो १० चा १३ होतो आणि तुमच्या बिनमध्ये तीस टक्के फोटॉन उगाच जास्त येतात. मोजमाप करायचं असेल तर हार्डवेअर क्लॉकच, यात तडजोड नाही.

आणि हेच ते ठिकाण जिथे हे कार्ड खरंच आवडतं. माझ्या स्कॅनमध्ये काउंटर १ पल्स ट्रेन काढतो. तीच ट्रेन ॲनालॉग आउटपुटला क्लॉक म्हणून जाते, म्हणजे प्रत्येक पल्सला गॅल्व्हो आरसा (व्होल्टेजने फिरणारा स्कॅनिंगचा आरसा) पुढच्या पिक्सेलवर जातो, आणि तीच ट्रेन काउंटर ० आणि काउंटर २ ला पण जाते, तिथे दोन डिटेक्टर लावलेत. आरसा हलला त्याच क्षणी दोन्ही डिटेक्टरचा काउंट बफरमध्ये टिपला जातो. पिक्सेल आणि काउंट यांच्यात सरकासरकी व्हायला जागाच नाही, कारण तिघांचं क्लॉक एकच. पिक्सेलला १ मिलिसेकंद दिला तर १०० बाय १०० ची इमेज १० सेकंदात येते, चौथा काउंटर तरीही मोकळा राहतो. हेच काम वेगळा काउंटर आणि वेगळं स्कॅन कंट्रोलर घेऊन करायचं म्हटलं तर दोघांना ट्रिगर देणं, एकाचं बफर दुसऱ्याशी जुळवणं, मध्येच एखादा पिक्सेल हरवला तर तो शोधणं, याच्यातच जीव जातो. लोक कार्डाचा वेग विचारतात, पण मला विचाराल तर या कार्डाची खरी किंमत वेगात नाही, या एकत्र चालण्यात आहे.

जुनं एम सिरीज कार्ड असेल, ६२२१ किंवा ६२५९ वगैरे, तर हेच करताना हात आखडतो. त्यात काउंटर दोनच, टाइमबेस ८० मेगाहर्ट्झ. त्यात ठरावीक संख्येच्या पल्सेसची ट्रेन काढायला दोन्ही काउंटर जोडीने लागतात, मग मोजायला उरलं काय? तिथे ॲनालॉग आउटपुटचं क्लॉक वापरून वाट काढता येते. एक्स सिरीजमध्ये हे काम एकट्या काउंटरने होतं. नुसते चार काउंटर मिळाले यापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो.

दोन बारकावे, पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. एक, सॅम्पल क्लॉकवर एज काउंटिंग करताना काउंट शून्यावर येत नाही, तो चढतच राहतो, त्यामुळे एका पिक्सेलचे फोटॉन म्हणजे या सॅम्पलमधून आधीचं सॅम्पल वजा. म्हणून १०० पिक्सेल पाहिजेत तर १०१ सॅम्पल घ्यायचे. पहिलं सॅम्पल हे टास्क सुरू झाल्यापासून पहिल्या क्लॉकपर्यंतचं असतं, त्याला काही अर्थ नसतो, ते फक्त वजाबाकीसाठी. (एक्स सिरीजमध्ये काउंट रिसेटची सोय पण आहे, पण मला वजाबाकीच बरी वाटते.) दोन, सुरू करायचा क्रम: आधी मोजणारे काउंटर, मग ॲनालॉग आउटपुट, आणि क्लॉक देणारा काउंटर सगळ्यात शेवटी. उलट केलं तर पहिले काही पिक्सेल गायब आणि इमेज एका बाजूला सरकलेली.

वजाबाकीवरूनच आठवलं, रोलओव्हर. ३२ बिट म्हणजे ४२९ कोटींच्या वर आकडा जातो, सेकंदाला १० लाख काउंट असतील तर सव्वा तासाच्या आत काउंटर भरतो आणि परत शून्यापासून सुरू होतो. रात्रभराच्या मोजणीत हे होणारच. पायथनमध्ये डेटा अनसाइन्ड ३२ बिट ॲरेमध्येच ठेवून डिफ (लागोपाठच्या सॅम्पलची वजाबाकी) घेतला तर गणित आपोआप बरोबर येतं, रोलओव्हरच्या जागी काहीच दिसत नाही. पण आधी फ्लोटमध्ये बदलून मग डिफ घेतला तर तिथे उणे ४२९ कोटीचा एक खिळा उभा राहतो. फिक्स सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. जुन्या ई सिरीजमध्ये काउंटर २४ बिटचे होते, ते याच रेटला १७ सेकंदात भरायचे, त्यामानाने आता सुख आहे.

आता केबल. माझ्या मते फोटॉन काउंटिंगचा खरेपणा डिटेक्टरच्या ब्रोशरपेक्षा या शेवटच्या मीटर-दोन मीटरवर ठरतो, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कार्डाची पीएफआय पिन हाय इम्पिडन्स आहे, आत साधारण ५० किलोओहमचा पुल-डाउन. डिटेक्टरची पल्स मात्र ५० ओहमच्या केबलमधून येते, आणि सिलिकॉन एपीडी (ॲव्हलान्श फोटोडायोड, नेहमीचा सिंगल फोटॉन डिटेक्टर) मॉड्यूलची पल्स हल्ली १० नॅनोसेकंदांच्या आसपास रुंद असते. एवढी अरुंद पल्स हाय इम्पिडन्सवर आपटली की परत फिरते, डिटेक्टरच्या टोकाला नीट जिरली नाही तर तिथून पुन्हा उलटते आणि कार्डावर दुसऱ्यांदा येऊन धडकते. कोॲक्समध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे दोन मीटर केबल असेल तर २० नॅनोसेकंदांनी तिचा प्रतिध्वनी येतो. तो थ्रेशोल्डच्या वर असेल तर एका फोटॉनचे दोन फोटॉन झाले. स्क्रीनवर काय दिसतं? काउंट छान वाढलेला दिसतो. सगळे खूश. म्हणूनच ही चूक लवकर पकडली जात नाही.

उपाय म्हणून कनेक्टर ब्लॉकपाशी (कार्डाला बाहेरच्या वायरी जोडायचा डबा) टी लावून ५० ओहमचा टर्मिनेटर बसवायचा हे खरं, पण तिथे दुसरी गोष्ट बघावी लागते. या कार्डावर हाय समजण्यासाठी कमीत कमी २.२ व्होल्ट लागतात, लो साठी ०.८ च्या खाली. ज्या डिटेक्टरच्या आउटपुटला आतून ५० ओहमची सिरीज रेझिस्टन्स आहे आणि जो मोकळ्या टोकाला ५ व्होल्ट देतो, तो टर्मिनेटर लावल्यावर २.५ च देणार. हातात उरले ०.३ व्होल्ट. त्यात ब्लॉकपासून कार्डापर्यंत ६८ पिनची केबल आहे, ती शिल्डेड असली तरी कोॲक्स नव्हे, १० नॅनोसेकंदांची पल्स तिच्यातून जाताना गोल होते आणि उंची गमावते. मग काही पल्सेस मोजल्या जातात, काही नाही. केबल जरा हलवली की काउंट बदलतो, ही त्याची खूण. अशा वेळी डिटेक्टर आणि ब्लॉक यांच्या मध्ये एक फास्ट बफर किंवा लाइन ड्रायव्हर टाकावा, जो ५० ओहमवर पल्स घेईल आणि पुढे खणखणीत टीटीएल देईल. पल्स थोडी रुंद करून दिली तर अजून बरं, ३० नॅनोसेकंद वगैरे, पण तेवढाच डेड टाइम (एका पल्सनंतर पुढची मोजता येत नाही तो वेळ) वाढतो हे लक्षात ठेवून. ६८ पिनच्या केबलमध्ये शेजारच्या वायरींवर काय चाललंय ते पण बघा, डिटेक्टरची पिन आणि वेगवान डिजिटल आउटपुट अगदी शेजारी ठेवू नका. बीएनसी-२११० ब्लॉक असेल तर त्यावरच्या यूजर बीएनसीपासून पीएफआय ८ च्या स्क्रू टर्मिनलपर्यंतची वायर जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा.

दुहेरी मोजणी होतेय की नाही हे ऑसिलोस्कोपशिवाय पण कळतं, आणि ही टेस्ट मी नवीन केबल, नवीन डिटेक्टर, काहीही बदललं की करतोच. एक एलईडी बॅटरीवर लावायचा, करंट अगदी कमी, प्रकाश स्थिर. सेकंदाला लाखभर काउंट येतील इतकाच. १० मिलिसेकंदांचे बिन घ्यायचे, म्हणजे प्रत्येक बिनमध्ये साधारण १००० काउंट. असे पाचेक हजार बिन जमा करा, मग सरासरी काढा आणि व्हेरियन्स काढा. प्रकाश स्थिर असेल तर फोटॉनचं येणं पॉसाँ, म्हणजे व्हेरियन्स सरासरीइतकाच, भागाकार १. प्रत्येक फोटॉन दोनदा मोजला जात असेल तर सरासरी दुप्पट होते पण व्हेरियन्स चौपट, भागाकार २. दहापैकी एकच फोटॉन दोनदा मोजला जात असेल तरी भागाकार १.१८ येतो, आणि पाच हजार बिनमध्ये या आकड्याची अनिश्चितता दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे चोर नक्की पकडला जातो. एलईडीच हलत असेल तर? मग बिन लहान-मोठे करून बघा. प्रकाश सरकत असेल तर बिन मोठा केला की भागाकार वाढत जातो, केबलचा प्रतिध्वनी असेल तर तो बिन बदलला तरी तसाच राहतो. आणि भागाकार १ च्या खाली आला तर घाबरू नका, तो डेड टाइमचा परिणाम, रेट जास्त असेल तर तसं होणारच. साधी सरासरी आणि व्हेरियन्स, पण यातून सेटअपची जेवढी माहिती मिळते तेवढी महागड्या उपकरणातून पण पटकन मिळत नाही.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी. पीएफआय पिनवर डिजिटल फिल्टर लावता येतो, एक्स सिरीजमध्ये ९० नॅनोसेकंद, ५.१२ मायक्रोसेकंद आणि २.५६ मिलिसेकंद असे तयार पर्याय आहेत. एन्कोडर किंवा स्विच लावणाऱ्यांना ते वरदान आहे, आपल्याला शाप, कारण सगळ्यात छोटा फिल्टर पण १० नॅनोसेकंदांची पल्स नॉइज समजून गिळून टाकतो. डिफॉल्टला तो बंदच असतो, पण कार्ड चार जणांत वापरलं जात असेल आणि काउंट अचानक शून्य झाला तर आधी हेच तपासा. दुसरी गोष्ट, ड्युप्लिकेट काउंट प्रिव्हेन्शन. नाव बघून वाटेल की हे वरच्या दुहेरी मोजणीवरचं औषध आहे, पण तसं अजिबात नाही. एम सिरीजच्या पिढीत सॅम्पल क्लॉकची कड सोर्सच्या कडेवर बसवली जाते, आणि आपला सोर्स म्हणजे फोटॉन. दोन क्लॉकच्या मध्ये एकही फोटॉन आला नाही तर काउंटर बफरमध्ये चुकीचा आकडा लिहितो. अंधाऱ्या पिक्सेलमध्ये नेमकं हेच होतं. हा पर्याय चालू केला की सगळं आतल्या टाइमबेसला बांधलं जातं आणि शून्य फोटॉनवाला बिन शून्यच लिहिला जातो. कमी प्रकाशात काम करणाऱ्याने तो चालूच ठेवावा.

वेगाचं काय? आत १०० मेगाहर्ट्झ असलं तरी पीएफआयवरून येणाऱ्या सोर्सची मर्यादा २५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे दोन पल्सेसमध्ये ४० नॅनोसेकंद. आता कुणी म्हणेल माझा रेट सेकंदाला १० लाखच आहे, २५ पटीने खाली, मग काळजी कशाची? पण फोटॉन रांगेत येत नाहीत. एपीडीचा डेड टाइम २५ नॅनोसेकंद धरला तर २५ ते ४० च्या मधल्या अंतराने येणाऱ्या जोड्या डिटेक्टर देतो, पण कार्ड त्या पकडेलच याची हमी स्पेसिफिकेशन देत नाही. १० लाखाच्या रेटला अशा जोड्या दीड टक्क्याच्या आसपास, लाखाच्या रेटला ०.१५ टक्का. म्हणून माझा नियम, अचूक इंटेन्सिटी पाहिजे असेल तर पाच लाखाच्या खाली राहायचं, गरज पडली तर न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) टाकायचा. त्याच्या वर गेलात तर डेड टाइमचं करेक्शन लावा: मोजलेला रेट भागिले, १ वजा मोजलेला रेट गुणिले डेड टाइम. २५ नॅनोसेकंदांना ४० लाख मोजले तर खरे ४४.४ लाख. पण हा फॉर्म्युला डिटेक्टरचा डेड टाइम घालून वापरायचा की कार्डाचा, हा प्रश्न वरच्या रेटला उरतोच, त्यामुळे मी तिथे जातच नाही.

क्लॉकच्या अचूकतेवर लोक उगाच डोकं लावतात. बेस क्लॉकची अचूकता ५० पीपीएम (दहा लाखात ५०) आहे. १० लाख फोटॉन मोजले तरी पॉसाँचा नॉइज हजाराचा, म्हणजे ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम. क्लॉक त्याच्या विसाव्या भागात आहे. १०० फोटॉनच्या पिक्सेलमध्ये तर नॉइज १० टक्के, तिथे क्लॉकचं नावच काढू नका. याउलट बिनची लांबी निवडताना विजेच्या दिव्यांचा विचार करा. खोलीतला थोडा प्रकाश कुठून तरी शिरतोच आणि तो मेन्सच्या तालावर लुकलुकतो. १०० मिलिसेकंदांच्या बिनमध्ये ५० हर्ट्झच्या पूर्ण पाच आणि ६० हर्ट्झच्या पूर्ण सहा सायकल बसतात, त्यामुळे ट्रेसवरचा तो तरंग नाहीसा होतो. अलाइनमेंटच्या वेळी मी हाच बिन ठेवतो. डोळ्याला पण तो बरा, आकडा स्थिर दिसतो आणि स्क्रू फिरवल्याबरोबर फरक कळतो. बॅकग्राउंड मात्र प्रत्येक वेळी शटर बंद करून वेगळा मोजा, एपीडीचे डार्क काउंट ग्रेडनुसार सेकंदाला काही दहांपासून हजार-दीड हजारापर्यंत असतात, आणि तुमच्या नमुन्याकडून येणारे फोटॉन तेवढेच असतील तर वजाबाकी केल्याशिवाय आकडा सांगूच नये.

गेट लावून मोजायचं असेल तर एक सुंदर रस्ता आहे. पल्स विड्थ मेजरमेंट घ्यायचं, पण त्यात टाइमबेसच्या जागी डिटेक्टरची पल्स द्यायची. काउंटरला वाटतं आपण गेटची रुंदी टिक्समध्ये मोजतोय, आणि टिक म्हणजे फोटॉन. गेट वर असेपर्यंत किती फोटॉन आले तो आकडा थेट मिळतो, वजाबाकी नाही, पहिलं सॅम्पल फेकायचं नाही. हिऱ्यातल्या एनव्ही सेंटरवर (नायट्रोजन अणू आणि शेजारची रिकामी जागा असा चमकणारा दोष) काम करणारे मायक्रोवेव्ह २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास फिरवत जातात आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला काउंट घेतात, त्यांना हे फार सोयीचं पडतं. क्यूडी नावाचं जे ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्या क्षेत्रात चालतं, त्यात एनआयच्या एक्स सिरीज कार्डाला आधीपासून सपोर्ट आहे, त्यामुळे सगळं शून्यापासून लिहायची गरज नाही.

आता उलटा खेळ, प्रत्येक फोटॉनची वेळ टिपणं. सोर्सला १०० मेगाहर्ट्झ टाइमबेस आणि सॅम्पल क्लॉकच्या जागी डिटेक्टर. फोटॉन आला की त्या क्षणाचा टिक नंबर बफरमध्ये. रिझोल्यूशन १० नॅनोसेकंद, आणि ३२ बिट इथे ४३ सेकंदांत भरतात त्यामुळे रोलओव्हर सांभाळावाच लागतो. फ्लुरोसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपीला हे चालतं, कारण रंगाचा रेणू फोकसमधून जायला दहा ते शंभरेक मायक्रोसेकंद घेतो, तिथे १० नॅनोसेकंद भरपूर झाले. युरोपियमसारख्या लॅन्थनाइडचं मिलिसेकंदाच्या घरातलं चकाकणं मोजायला पण मस्त. अडचण येते ती गर्दीची. प्रत्येक काउंटरला १२७ सॅम्पलचा फिफो (कार्डावरची छोटी रांग) आहे, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेणारी यंत्रणा) तो सारखा रिकामा करत असतो, पण फोटॉनचा एकदम लोंढा आला आणि बस कुठे दुसरीकडे गुंतली असेल तर फिफो भरतो आणि डॅकएमएक्स उणे २००१४१ नंबरचा एरर देऊन टास्क थांबवतो. गुपचूप डेटा गाळण्यापेक्षा एरर देऊन थांबणं मला हजार वेळा चांगलं वाटतं, पण लांब मोजणी चालू असेल तर प्रोग्राममध्ये ते पकडून परत सुरू करायची सोय ठेवा, आणि बफर मोठा द्या. हे पीसीआय एक्स्प्रेस कार्डाबद्दल बोलतोय, प्रत्येक फोटॉन टिपायचा असेल तर यूएसबीवाल्या मॉडेलकडून एवढ्या आशा ठेवू नका.

आणि जे होत नाही ते होत नाही. फ्लुरोसिनसारख्या डायचा लाइफटाइम साधारण ४ नॅनोसेकंद, तो १० नॅनोसेकंदांच्या एकाच टिकमध्ये संपून जातो. अँटीबंचिंग (एकाच उत्सर्जकातून दोन फोटॉन एकदम येत नाहीत हे) बघायचं असेल तर दोन डिटेक्टरमधला फरक नॅनोसेकंदाच्या आत पाहिजे. तिथे टाइम टॅगरच घ्यावा लागतो, स्वाबियनचा टाइम टॅगर २० असेल किंवा पिकोक्वांट, बेकर अँड हिकलची कार्डं, ती पिकोसेकंदांत बोलतात. एसआर४०० सारखा गेटेड काउंटर २०० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतो आणि त्यात डिस्क्रिमिनेटर (ठरावीक उंचीच्या वरच्या पल्सेसच पुढे सोडणारं सर्किट) आतच आहे, त्यामुळे फोटोमल्टिप्लायरची कच्ची पल्स थेट लावता येते. डॅक कार्डाला कच्ची पल्स कळत नाही, त्याला टीटीएलच पाहिजे, म्हणजे डिटेक्टरमध्ये डिस्क्रिमिनेटर नसेल तर तो वेगळा घ्यावा लागणार हे हिशोबात धरा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. लॅबव्ह्यूमध्ये सगळं आहेच, पण मी एनआयडॅकएमएक्स हे पायथनचं पॅकेज वापरतो, ते विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे चालतं. काउंटर रीडरमधून आधीच तयार ठेवलेल्या नमपाय ॲरेमध्ये सॅम्पल वाचायचे, लिस्टमध्ये नाही, लांब स्कॅनमध्ये फरक जाणवतो.

घेताना लोक बरेचदा सगळ्यात स्वस्त यूएसबी बॉक्सकडे वळतात, म्हणून हे पण सांगतो. यूएसबी-६००८ वर काउंटर लिहिलेला असतो, ३२ बिटचा एक, ५ मेगाहर्ट्झ. वाचायला पुरेसं वाटतं. पण त्याला पल्स कमीत कमी १०० नॅनोसेकंद रुंद लागते आणि वाचन फक्त सॉफ्टवेअर टाइमिंगवर, हार्डवेअर क्लॉक नाही. १० नॅनोसेकंदांच्या एपीडीसाठी तो काहीच उपयोगाचा नाही. याउलट जुन्या बाजारात पीसीआय-६६०२ मिळालं तर बघा, फक्त काउंटरचं कार्ड आहे, ३२ बिटचे आठ, ८० मेगाहर्ट्झ टाइमबेस. ॲनालॉग आउटपुट नाही त्यामुळे स्कॅन जमणार नाही, पण चार डिटेक्टर एकदम मोजायचे असतील तर अजूनही दणदणीत आहे, मदरबोर्डवर जुना पीसीआय स्लॉट आहे का तेवढं आधी बघा आणि सध्याच्या ड्रायव्हरमध्ये त्या मॉडेलचं नाव आहे का ते पण, मगच पैसे द्या.